जो सातबारा मला वाचता आला नाही

गेली सोळा वर्षे मी पुण्यातील कोथरूड आणि कर्वेनगर भागात जुन्या फ्लॅटच्या खरेदी-विक्रीचे काम करतो. कोणत्या सोसायटीचे अभिहस्तांतरण, म्हणजे जमीन सोसायटीच्या नावावर होणे, रखडले आहे, कुठे पुनर्विकासाची बोलणी फिसकटली आहेत, कुठल्या इमारतीत पार्किंग कागदावर एक आणि जागेवर दुसरेच आहे, हे मला फाइल न उघडता सांगता येते. याच भरवशावर सात वर्षांपूर्वी मी माझ्या आवाक्याबाहेरचे काम हाती घेतले.

ज्यांचा फ्लॅट मी विकून दिला होता, त्या काकांनी पौडजवळची वडिलोपार्जित दीड एकर जमीनही विकून द्यायला सांगितले. विश्वासाने आलेल्या कामाला नाही म्हणणे जिवावर आले, आणि दलालीचा मोहही होता. शेजारच्या गटांचे भाव विचारून मी किंमत सांगितली, हिंजवडीत नोकरी करणारे एक ग्राहक आणले आणि टोकनही घेऊन दिले. ग्राहकांच्या वकिलांनी सातबारा टेबलावर पसरला आणि भूधारणा पद्धतीच्या रकान्यावर बोट ठेवले. तिथे ‘भोगवटादार वर्ग 2’ असे स्वच्छ छापलेले होते. तो उतारा आठवडाभर माझ्या बॅगेत होता. मी त्यावरचा गट नंबर, क्षेत्र आणि काकांचे नाव पाहिले होते, पण त्या ओळीवरून माझी नजर नुसती सरकली होती. अशी जमीन सक्षम अधिकाऱ्याच्या परवानगीशिवाय हस्तांतरित करता येत नाही. वकिलांचा पुढचा प्रश्न तर त्याहून साधा होता: ग्राहक शेतकरी आहेत का? 1948 च्या कुळवहिवाट कायद्याच्या कलम 63 मुळे शेतकरी नसलेल्या व्यक्तीला परवानगीशिवाय शेतजमीन घेता येत नाही. टोकन परत गेले. काकांनी मात्र त्या पैशांवर विसंबून मुलीच्या घरासाठी बिल्डरला शब्द दिलेला होता. ते मला एका शब्दानेही बोलले नाहीत, आणि तेच मला अधिक लागले.

तेव्हापासून मी स्वतःला एवढेच विचारतो, की समोरच्या पक्षाचा वकील जे प्रश्न विचारील, ते मला आधी सुचतील का? बाणेरचा फ्लॅट माझ्या भागाबाहेरचा असला, तरी कागद ओळखीचेच असतात; तिथल्या माहितगार एजंटला सोबत घेऊन ते काम करता येते. शेतजमीन, गुंठेवारीतले घर किंवा एमआयडीसीतील शेड यांची गोष्ट वेगळी आहे, कारण तिथे कागदच निराळे असतात आणि काय विचारायचे राहिले, हेच आपल्याला कळत नाही. महारेराने, म्हणजे राज्याच्या स्थावर मालमत्ता नियामक प्राधिकरणाने, 2023 पासून एजंटांसाठी प्रशिक्षण आणि परीक्षा सक्तीची केली, ही चांगलीच गोष्ट झाली. पण त्या प्रमाणपत्राने एखाद्या गावचे जुने फेरफार, म्हणजे जमिनीच्या हक्कांतील बदलांच्या नोंदी, वाचता येत नाहीत.

असे काम त्यातल्या जाणकाराकडे सोपवायचे, तर ते पहिल्याच भेटीत, किंमत सांगण्यापूर्वी. एकदा मालकाच्या मनात आपण सांगितलेला आकडा बसला, की नंतर येणारा जाणकार त्याला खोटा वाटू लागतो. शिवाय नुसता फोन नंबर देऊन मोकळे होणे मला पटत नाही. मी पहिल्या बैठकीला स्वतः जातो आणि दलालीत माझा वाटा किती असेल, तेही मालकाच्या देखत सांगतो.

गेल्या महिन्यात एका जुन्या ग्राहकाने चाकण एमआयडीसीतील शेड विकण्यासाठी माझ्याकडे दिली. दोन दिवस मी भाव आणि रस्त्याची रुंदी यांचीच चौकशी करत होतो. मग भोसरीच्या एका सहकाऱ्याला घेऊन गेलो. चहा येण्याआधीच त्याने मालकाला विचारले, “भाडेपट्ट्याची किती वर्षे उरली आहेत, आणि इमारत पूर्णत्वाचा दाखला घेतला आहे का?” मालक कपाटाकडे वळले, आणि मी वही उघडून ते दोन्ही प्रश्न लिहून घेतले.