बॉक्स बदलायचा की नाही

सोमवार, रात्री साडेअकरा

आज परत तेच झालं. टीव्हीच्या सेट-टॉप बॉक्सवर आठची मालिका रेकॉर्डला लागलेली, आठ-पाचला आई (म्हणजे माझ्या सासूबाई) जेवणं आटपून नेहमीच्या खुर्चीत बसल्या आणि दहाव्या मिनिटाला चित्र गोठलं. नायिकेचं तोंड उघडं ते उघडंच. मग पडदा काळा, मग कंपनीचं चिन्ह, मग ते गोल फिरणारं चक्र, आणि पाच मिनिटांनी बॉक्स शहाण्यासारखा परत चालू, जसं काही झालंच नाही. रेकॉर्डिंगचे दोन तुकडे झालेले आणि मधला नेमका भाग गायब, ज्यात म्हणे त्या पत्रात काय लिहिलंय ते कळणार होतं. आई काही बोलल्या नाहीत. फक्त रिमोट टीपॉयवर ठेवला, जरा जोरात. आमच्या घरात त्याचा अर्थ सगळ्यांना कळतो.

या महिन्यातली ही सहावी की सातवी वेळ. नवरा म्हणाला फेकून दे आता तो डबा. लेकाला बंगळुरूला फोन केला तर तो म्हणाला आई, तुमच्याकडे अजून तो आहे?? मला वाटलं होतं कधीच गेला असेल. म्हणजे मतदान दोन विरुद्ध एक, आणि माझं मत अजून पडायचंय. कंपनीशी फोनवर बोलणं, माणूस आला की दार उघडणं आणि नंतर नवीन रिमोट आईंना शिकवणं ही तिन्ही खाती माझ्याकडे असल्यामुळे माझं मत जरा जड आहे असं मी धरते.

मंगळवार

आज कपाटात जुनी पावती शोधली आणि सापडली पण, मार्च २०१३ ची. तेव्हा पुण्यात ३१ मार्चपर्यंत केबल डिजिटल करायची सरकारी मुदत होती, बॉक्स लावा नाहीतर पडद्यावर मुंग्या बघा. केबलवाला रोज येऊन भीती घालायचा. नवऱ्याने विचार केला की बॉक्स घ्यायचाच आहे तर मग छत्रीच (गच्चीवरची डिश) लावू, आणि छत्री लावायची आहे तर मग रेकॉर्डरवालाच घेऊ, आणि रेकॉर्डर घ्यायचाय तर एचडीच घेऊ, असं करत करत माणूस दुधाची पिशवी आणायला जाऊन फ्रिज घेऊन येतो तसं झालं. पाचशे जीबीची हार्ड डिस्क, छत्रीपासून दोन वायरी खाली आणलेल्या, कारण एक चॅनल बघता बघता दुसरा रेकॉर्ड करायचा तर दोन ट्यूनर (चॅनल पकडणारे भाग) लागतात आणि प्रत्येकाला त्याची वेगळी वायर. बिल्डिंगमध्ये तेव्हा फक्त आमच्याकडे होता. वरच्या मजल्यावरचे काका मुद्दाम बघायला आले होते आणि चालू मॅच थांबवून दाखवल्यावर "अरेच्चा, आता ते लोक मैदानात तसेच उभे राहणार का" म्हणाले होते. चेष्टेत म्हणाले असावेत, पण मला अजून खात्री नाही.

बारा वर्षं झाली. हा बॉक्स रात्री बंद केला तरी बंद होत नाही, दिवा हिरव्याचा लाल होतो एवढंच, आत डिस्क फिरतच असते. बारा वर्षं गुणिले ८७६० तास म्हणजे एक लाख पाच हजार तास. रात्री सगळं सामसूम झालं की त्याची घरघर ऐकू येते, आणि गेल्या दोन महिन्यांत मधूनच टक्‌ असा आवाज, जुन्या घड्याळासारखा.

नवऱ्याकडे एक वीज मोजायचा प्लग आहे (वस्तू आणायची हौस, वापरायची नाही). तो आज लावला. टीव्ही बघताना बॉक्सला २४ वॉट, स्टँडबायला २२! म्हणजे बारा वर्षं आपण रात्री तो लाल दिवा बघून वीज वाचली समजत होतो. शेजारच्यांकडचा साधा, डिस्क नसलेला बॉक्स मोजला तर ९. आमच्या चोवीस वॉटचे महिन्याला सतरा युनिट होतात, युनिटला सगळं धरून दहा रुपये लावले तर वर्षाला दोन हजाराला टेकले. नवरा एकदम विजयी चेहऱ्याने बघायला लागला, की बघ, डबा खातोय.

मंगळवारीच, झोप येत नाही म्हणून

डिस्कवर काय काय आहे ते बघत बसले. ९१ टक्के भरलेली आहे. मालिकांचे भाग, कधीतरी बघू म्हणून ठेवलेले आणि कधीच न बघितलेले सिनेमे, सह्याद्रीवरच्या नाट्यसंगीताच्या दोन मैफली, लेकाची चार कार्टून्स (तो आता वीस वर्षांचा आहे!), एका पाककृतीच्या कार्यक्रमाचा मी ठेवलेला उकडीच्या मोदकांचा भाग, आणि सगळ्यात खाली, सगळ्यात जुनं, नोव्हेंबर २०१३, वानखेडे, सचिनची शेवटची टेस्ट. त्याच्या ७४ रन आणि मग १६ तारखेचं ते भाषण. लेक तेव्हा आठ वर्षांचा, त्याला फार काही कळत नव्हतं पण सगळे रडतायत म्हणून तोही रडला होता.

ते लावलं. दोन मिनिटं बघितलं आणि बंद केलं, कारण खरं सांगायचं तर ते भाषण मोबाइलवर हवं तेव्हा दिसतं आणि जास्त स्वच्छ दिसतं. रेकॉर्डिंगमध्ये स्टेडियमचा आवाज आहे. आमच्या हॉलमधला नाही. मी उगाच समजत होते की त्यात आमचं काहीतरी आहे.

बुधवार

कंपनीला फोन. नाव लिहीत नाही, लिहिण्यात अर्थ नाही. बावीस मिनिटं गाणं ऐकवलं. मग एका मुलीने अतिशय गोड आवाजात सांगितलं की मॅडम, तसा हार्ड डिस्कवाला बॉक्स आता देत नाही, तुम्ही अँड्रॉइडवाला घ्या, त्यात सगळे अ‍ॅप येतात, गेल्या सात दिवसांचे कार्यक्रम नेटवरून बघता येतात. मी विचारलं माझ्या जुन्या रेकॉर्डिंगचं काय. ती म्हणाली ते त्याच बॉक्समध्ये राहील. मी म्हटलं मग डिस्क काढून कॉम्प्युटरला लावते. ती जरा हसली.

संध्याकाळी नीट समजून घेतलं. डिस्कवर जे लिहिलं जातं ते कुलूपबंद लिहिलं जातं आणि किल्ली तो बॉक्स आणि त्यात घातलेलं कंपनीचं कार्ड यांच्या जोडीपाशी. डिस्क काढून दुसरीकडे लावली तर आत काय आहे ते कुणाला वाचता येत नाही. वर्गणी भरायची थांबलो तर आपणच केलेलं रेकॉर्डिंग आपल्यालाच उघडत नाही. म्हणजे बारा वर्षं मी साठवण करत नव्हते, दुसऱ्याच्या कोठीत धान्य ठेवत होते. आणि हा बॉक्स दुसऱ्या कंपनीच्या छत्रीला चालत नाही तो नाहीच. फोनचं सिमकार्ड बदलतो तसं बॉक्स न बदलता कंपनी बदलता यावी अशी शिफारस ट्रायने (टीव्ही-फोन कंपन्यांवर देखरेख ठेवणारी सरकारी संस्था) २०२० मध्ये केली होती, पण शिफारशीने टीव्ही लागत नाही.

मग पर्याय काय? एक, तो अँड्रॉइडवाला. दोन, साधा बॉक्स, ज्याच्या पाठीमागे पेन ड्राइव्ह लावून रेकॉर्ड होतं, पण एकच वायर, म्हणजे एका वेळी एकच गोष्ट. तीन, छत्रीच काढून टाकायची आणि सगळं मोबाइलवाल्या अ‍ॅपवर, हे लेकाचं मत. चार, दूरदर्शनची फुकटवाली छत्री, एकदा काय ते पैसे द्यायचे आणि दरमहा काही नाही, पण त्यावर आईंची मालिका लागत नाही त्यामुळे तो पर्याय मी मोठ्याने बोललेच नाही. २०१९ ला ट्रायचे नवीन दर आले, शंभर चॅनलचे १३० रुपये अधिक कर आणि वर पैसेवाले चॅनल एकेक निवडायचे, तेव्हा आम्ही वही घेऊन बसलो होतो आणि आईंनी एकच वाक्य सांगितलं होतं, "माझं एक ठेवा, बाकी तुमचं बघा."

हे लिहीपर्यंत वळीव आला आणि सिग्नल गेला. हे एक छत्रीचं आहेच, इतक्या वरच्या फ्रिक्वेन्सीच्या लहरी जाड थेंबात शोषल्या जातात, आषाढातली रिपरिप चालते पण वळवाची एक सर आली की बारा मिनिटं सुट्टी. नवीन बॉक्स घेतला तरी आभाळ तेच असणार.

गुरुवार

आज प्रयोग केला. आईंना म्हटलं आजचा भाग अ‍ॅपवर बघू, टीव्हीला मोबाइल जोडून. तयार झाल्या, कुरकुर न करता. आधी वायफाय गेलं. मग ओटीपी आला तो नवऱ्याच्या फोनवर आणि नवरा खाली पार्किंगमध्ये. मग एकदाचा भाग सुरू झाला आणि जाहिरात लागली आणि आईंनी सवयीने पुढे ढकलायचं बटण दाबलं. काही झालं नाही. परत दाबलं. "ही पळत का नाही गं?" म्हटलं आई, इथे पळत नाही, पळवायची तर वर्षाचे जास्त पैसे भरायचे. त्यांनी माझ्याकडे असं बघितलं की तो नियम मीच केलाय.

माझी समजूत होती की आईंना रेकॉर्डर हवा तो जाहिराती पळवायला. पण मग मी मुद्दाम शेजारी बसून राहिले, भाजी निवडत, आणि जुन्या बॉक्सवर कालचा राहिलेला भाग लावला, आणि नुसतं बघत राहिले. आई पुढे ढकलण्यापेक्षा मागे जास्त येत होत्या. एक संवाद झाला की अंगठा मागच्या बटणावर, तेच वाक्य परत. कधी तीनदा. मी मोजायला लागले. वीस-बावीस मिनिटांच्या भागात चौदा वेळा. सासूच्या भूमिकेतली जी बाई आहे ती खणखणीत बोलते, तिच्या वेळेला एकदाही नाही. नवीन मुलगा आलाय, तो दाढीत पुटपुटतो, वर ढॅण ढॅण संगीत, त्याच्या वेळेला दर वाक्याला.

म्हटलं आई, ऐकू येत नाही का नीट? "मला चांगलं ऐकू येतंय. ही हल्लीची मुलं तोंडातल्या तोंडात बोलतात." हे अर्धं खरं आहे, मलाही तो मुलगा कळत नाही. पण फोनवरसुद्धा त्या हल्ली स्पीकर लावतात, दारावरची बेल गेल्या आठवड्यात दोनदा ऐकली नाही, आणि आम्ही सगळे त्यांच्याशी जरा वरच्या पट्टीत बोलतो हे माझ्या आज लक्षात आलं. कधीपासून ते आठवेना. कुणाला विचारायचं नाही, आवाज वाढवायला सांगायचं नाही, आपल्या आपण मागे जाऊन परत ऐकायचं, असं त्यांनी तो बॉक्स वापरून सगळं निभावून नेलंय आणि आम्ही म्हणत होतो डबा वीज खातो.

शनिवार

बॉक्स उचलला, पिशवीत घातला आणि इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानांची तपकीर गल्ली गाठली. नवऱ्याला वाटलं मी नवीन घ्यायला चाललेय, मीही काही बोलले नाही. बुधवार पेठेत गाडी लावायला जागा मिळणं हा वेगळा विषय आहे, तो सोडते.

दोन दुकानांनी "टाकून द्या" सांगितलं. तिसरा, जिना चढून माडीवर बसणारा, पन्नाशीचा माणूस, भिंग डोळ्याला लावून काम करणारा, त्याने न विचारता चार स्क्रू काढले आणि मला आत बोट दाखवलं. पॉवर सप्लायवर उभे असलेले पाच कॅपॅसिटर (वीज साठवून सारखी पुरवणारे छोटे नळकांडे), त्यातल्या तिनांची टोपी पुरीसारखी फुगलेली. म्हणाला डिस्क म्हातारी आहे पण मेलेली नाही, तिला बारा व्होल्ट पुरत नाहीत. करंट जरा कमी पडला की डिस्क अडखळते, टक्‌ आवाज येतो, बॉक्स तिची वाट बघून कंटाळतो आणि स्वतःच परत सुरू होतो. मी विचारलं हे फुगतात कशाने. "उष्णतेने. आतला द्रव वाळतो. दहा डिग्री जास्त तापलं की आयुष्य निम्मं. याच्यावर काही ठेवता का तुम्ही?"

ठेवतो. आईंनी स्वतः विणलेला क्रोशाचा रुमाल, पांढरा, कडेला गुलाबी फुलं, नेमका वरच्या जाळीवर. बारा वर्षं. त्यावर गणपतीची छोटी मूर्ती.

पाचच्या पाच नवीन घातले, अडीचशे रुपये. डिस्क बदलून देऊ का म्हणाला, नवीन घातली तर आतलं सगळं जाईल. मी म्हटलं राहू दे, जाईल तेव्हा जाईल. किती टिकेल विचारलं तर खांदे उडवले आणि जुने कॅपॅसिटर कागदाच्या पुडीत बांधून माझ्या हातात दिले, मेडिकलवाल्यासारखे.

रविवार

लावला. कालची संध्याकाळ आणि आजची, दोन्ही मालिका सलग, एकदाही गोठला नाही. टक्‌ पण नाही. नवरा म्हणाला अडीचशे रुपये पाण्यात. म्हटलं बघू. सध्या नवीन घेणार नाही हे ठरलं, पण हा गेला की अँड्रॉइडवालाच घ्यावा लागणार हेही मला दिसतंय, आणि त्याच्या रिमोटवर मागचं बटण मोठं आहे की नाही हे आधी दुकानात हातात धरून बघणार, बाकी अ‍ॅप कुठलं येतं याच्याशी मला कर्तव्य नाही. डिस्कवरची कार्टून्स पुसली, लेकाला विचारून. मोदक ठेवले. सचिन पण ठेवला, जागा आहे तर असू दे.

रुमाल धुवायला टाकलाय असं आईंना सांगितलंय. गणपती टीव्हीशेजारी हलवला, ते त्यांना लगेच दिसलं, "का हलवलं?" म्हणाल्या, मी म्हटलं तिकडे जास्त उजेड आहे.

कानाच्या डॉक्टरांची वेळ पुढच्या शनिवारी अकराची मिळालीये. ते अजून सांगितलेलं नाही.