चांदोबाच्या लिंबापाशी

लोणंद सोडलं आणि डाव्या टाचेला फोड टरारला. त्याआधीचे दिवस आता एकमेकांत मिसळून गेलेत. दिवेघाट भिजत चढलो, सासवडला अंधार पडल्यावर टेकलो, जेजुरीत होळकर तलावाकडे बघून 'हा आपला' म्हणालो. इंदूरचा माणूस दुसरं काय म्हणणार!

वारीला गेलो तो आबांमुळे. रामबागेतल्या आमच्या गल्लीत त्यांच्या सायकलला घंटीऐवजी टाळ बांधलेला असायचा. वळणावर तो वाजवत ओरडायचे, "भिया, बाजूला! माउली येतायत!" पोहेवाल्याने 'राम कृष्ण हरी' म्हटल्याशिवाय त्याच्या हातची प्लेट घ्यायचे नाहीत. कार्तिकी एकादशीला आम्हा पोरांची दिंडी पंढरीनाथाच्या देवळापर्यंत न्यायचे आणि राजवाड्यापाशी टाळ उंच धरून अख्खी वाहतूक थांबवायचे. रेंगाळलो म्हणून पाठीत बसलेला धपाटा मला अजून आठवतो. आषाढीला मात्र ते इंदुरात नसायचे. यंदा माघात गेले. त्यांच्याच दिंडीत मी नाव दिलं.

आबा सगळ्यात जास्त सांगायचे ते लोणंदच्या पुढच्या या चांदोबाच्या लिंबापाशी होणाऱ्या उभ्या रिंगणाचं. दोन्हीकडे वारकरी, मधून अश्व सुसाट, टापांखालची माती कपाळाला. आणि नेमका इथेच मी बाभळीखाली बसलेलो, पाय टेकवत नव्हता. समोर माणसांची भिंत, वर मोबाइल धरलेले हात. मला त्या हातांचा राग आला, नव्या चपलांचा आला, आबांचासुद्धा आला. फोडांबद्दल कधी चकार शब्द काढला नव्हता त्यांनी.

"पाय बघू."

दिंडीतल्या परभणीकडच्या मावशी. पहाटे भाकऱ्या थापायला असायच्या, तेवढीच ओळख. त्यांनी पाय सरळ मांडीवर घेतला. मी ओढून घ्यायला लागलो तर म्हणाल्या, "गप रे." कमरेच्या पिशवीतून डबी काढली, सुई काडीवर तापवली, फोडाच्या एका कडेने घालून दुसरीकडून काढली आणि दोरा आतच ठेवून टोकं कापली. पाणी दोऱ्यावरून थेंब थेंब गळू लागलं. "दोरा ओढू नगंस. आपसूक वाळंल."

डबीचा वास आला. हिंग, काळं मीठ, आमचूर. आमचा पोह्यांवरचा इंदुरी मसाला, जिरावन!

"इंदूरच्या आबाची हाय," मावशी म्हणाल्या. "दरसाल पुडे आणायचा, सकाळच्या पोह्यांवर समद्यांना वाढायचा. पायाचा लई नाजूक. इथवर आला की फोड ठरलेला, याच झाडाखाली बसायचा. घोडं काय त्यानं कधी बघितलं न्हाई."

मी काहीच बोललो नाही. पलीकडे टापा वाजल्या, 'माउली, माउली' करत गर्दी उसळली, धूळ आमच्यापर्यंत आली. माझा पाय अजून त्यांच्या मांडीवरच होता.

गर्दी हलल्यावर मावशी उठल्या, रिंगणातून चिमूटभर माती घेऊन आल्या आणि माझ्या कपाळाला लावली.

"त्यालाबी मीच आणून द्यायची."