चवथीआधीचं सर्व्हर बदलणं आणि यादीत न आलेला राउटर

गोव्यात चवथीच्या, म्हणजे गणेश चतुर्थीच्या, तोंडावर कोणी मोठं काम अंगावर घेत नाही. अर्धं ऑफिस माटोळीचं (गणपतीवर बांधायच्या फळाफुलांचं) सामान आणायला बाजारात, उरलेलं घरी साफसफाईला. पण आमच्या एका क्लायंटला नेमका तेव्हाच जुना सर्व्हर बंद करायचा होता, आणि त्यांचं म्हणणं चुकीचं नव्हतं, शाखा बंद असतात, लाइनवर कोणी नसतं, बदल करायला याच्याइतकी शांत वेळ वर्षभरात मिळत नाही. पेडण्यापासून काणकोणपर्यंत शाखा, प्रत्येक ठिकाणी राउटर, एक-दोन स्विच, आणि पणजीत मोठी फायरवॉल, म्हणजे नियम लावून नेटवर्कची ये-जा अडवणारी पेटी. जुना सर्व्हर तीन कामं करायचा, कॉम्प्युटरना आयपी म्हणजे नेटवर्कवरचा पत्ता वाटायचा (याला डीएचसीपी म्हणतात), सगळ्या डिव्हाइसना वेळ द्यायचा, आणि त्यांचे लॉग म्हणजे घडामोडींच्या नोंदी गोळा करायचा. पत्ता समजा १०.२०.१.५ (खरा पत्ता इथे देत नाही). आमच्याकडे काम एवढंच, की या पत्त्याकडे कोण कोण बघतंय ते शोधून द्या, म्हणजे बंद करायच्या आधी सगळीकडे नवा पत्ता टाकता येईल.

रोज रात्री सगळ्या डिव्हाइसची कॉन्फिग, म्हणजे सेटिंगचा मजकूर, एका लिनक्स सर्व्हरवर बॅकअप होते, तीनशेच्या आसपास फाइली. राउटरची फाइल काहीशे ओळींची, पण फायरवॉलची एकटीची पन्नास हजारांच्या वर. डोळ्यांनी वाचायचा प्रश्नच नाही.

क्लायंटच्या माणसाने एक यादी आधीच काढून ठेवली होती. सगळ्या फाइलींवर ग्रेप, म्हणजे मजकूर शोधणारी कमांड, मारला, पत्ता टाकला, आलेल्या ओळी एक्सेलमध्ये चिकटवल्या. माझ्याबरोबर एक मुलगा काम करतो, वाळपईचा, नवीन आहे पण हात चांगला आहे त्याचा, तो ती यादी बघून म्हणाला, "ताई, यात १०.२०.११५ वाल्या ओळी कशाला आल्या?"

बरोबर पकडलं त्याने. ग्रेपला पत्ता नुसता दिला की त्यातला बिंदू हा बिंदू राहत नाही, "इथे कुठलंही एक अक्षर चालेल" असा त्याचा अर्थ होतो. म्हणून १०.२०.१.५ शोधताना १०.२०.११५ पण जुळतं, १०.२०.१२५ पण जुळतं, आणि शेवट बांधलेला नसल्यामुळे १०.२०.१.५० पासून १०.२०.१.५९ पर्यंतचे सगळे पाहुणे आत येतात. मायनस मोठा एफ दिला की बिंदू हा बिंदूच समजला जातो, मायनस डब्ल्यू दिला की पुढेमागे आकडा चिकटलेला चालत नाही. दोन्ही देऊन परत चालवलं तर यादी निम्म्याच्या खाली आली. म्हणजे चतुर्थीच्या सुट्टीत कोणीतरी शेकडो ओळी बघत बसला असता आणि त्यातल्या बऱ्याचशांचा या सर्व्हरशी संबंधच नव्हता.

पण खरी अडचण ती नव्हती. जास्तीच्या ओळी माणूस गाळून टाकतो. अडचण ही, की आलेल्या ओळी एकट्या होत्या. "आयपी हेल्पर-अॅड्रेस १०.२०.१.५" ही ओळ (पत्ता मागणाऱ्यांची विनंती या सर्व्हरकडे पाठव, असं राउटरला सांगणारी) फाइलीत पाच वेळा आली तर कुठल्या पाच इंटरफेसखाली, म्हणजे राउटरच्या कुठल्या जोडणीखाली, आली? ते यादीत नाहीच. घर नंबर लिहिलाय आणि गावाचं नावच नाही, अशा पत्रासारखी ती यादी होती, पोस्टमनने करायचं काय? सिस्को कंपनीच्या राउटरच्या कॉन्फिगमध्ये मुख्य ओळ डावीकडे चिकटून असते, इंटरफेस व्हीलॅन ३० वगैरे (व्हीलॅन म्हणजे नेटवर्कचा वेगळा केलेला भाग), आणि त्याच्या आतल्या ओळी एक स्पेस सोडून खाली येतात. आतल्या ओळीला वरच्या ओळीशिवाय अर्थ नाही. ग्रेपला मायनस मोठा बी देऊन वरच्या काही ओळी पण मागता येतात, पण किती मागणार? कुठे मुख्य ओळ दोन ओळी वर असते कुठे बारा, आणि मध्ये दुसराच इंटरफेस आला तर नुकसानच.

इथे ऑक कामाला येतं. फाइल एकेक ओळ करून वाचणारा १९७७ सालचा प्रोग्राम आहे, बेल लॅब्समध्ये आहो, वाइनबर्गर आणि कर्निहन यांनी केलेला, त्या तिघांच्या आडनावांची आद्याक्षरं. त्या मुलाला वाटत होतं की सरळ पायथन भाषेत प्रोग्राम लिहूया, मी म्हटलं राउटरपुरतं आधी हे बघ. नियम दोनच. ओळ स्पेसने सुरू होत नसेल तर ती "आई" म्हणून लक्षात ठेव. ओळीत आपला पत्ता आला तर फाइलीचं नाव, लक्षात ठेवलेली आई आणि ही ओळ, तिन्ही एकत्र छाप. दोन ओळींचं स्क्रिप्ट, आणि सगळ्या फाइली डोळ्याचं पातं लवेपर्यंत संपल्या. आता यादीत दिसायला लागलं, म्हापशाचा राउटर, व्हीलॅन ३०, हेल्पर जुना. फोंड्याचा स्विच, वेळेचा सर्व्हर जुना. अशी यादी हातात असली तर रात्री काम करणाऱ्याला विचार करावा लागत नाही, फक्त टाइप करावं लागतं.

फायरवॉलला मात्र हे चालत नाही, तिथे पायथनच घेतलं. फोर्टिगेट फायरवॉलच्या फाइलीत कॉन्फिग या शब्दाने भाग उघडतो आणि एंडने बंद होतो, त्याच्या आत एडिटने एक नोंद उघडते आणि नेक्स्टने बंद होते, आणि हे एकात एक जातं. म्हणून उघडलं की ढिगावर ठेवायचं, बंद झालं की वरचं काढायचं, असा ढीग सांभाळावा लागतो. त्यातही खाच आहे. काही सेटिंगमध्ये आख्खं वेब पान किंवा सर्टिफिकेट अवतरण चिन्हांत भरलेलं असतं, कित्येक ओळींचं, तिथे आत कुठे एंडसारखी ओळ आली तर ढीग कोसळतो आणि पुढचं सगळं चुकतं. त्यामुळे अवतरण उघडं आहे की बंद हे स्क्रिप्टला माहीत पाहिजे, उघडं असेल तोवर आतल्या शब्दांकडे बघायचं नाही.

आणि दुसरं म्हणजे नियमांमध्ये पत्ता कुठे नसतोच! पत्त्याला आधी एक नाव दिलेलं असतं, ते नाव एखाद्या ग्रुपमध्ये घातलेलं असतं, आणि नियमात ग्रुपचं नाव असतं. पत्ता शोधला की एक ओळ मिळते आणि माणूस म्हणतो, अरे एकच तर आहे. खरं म्हणजे तिथून सुरुवात करायची, पत्त्यावरून नाव, नावावरून ग्रुप, ग्रुप दुसऱ्या ग्रुपमध्ये असेल तर तो पण, आणि मग नियम. नवीन काही सापडेना झालं की थांबायचं. पत्त्याच्या त्या एका ओळीमागे नियमांचं आख्खं पान निघालं.

इथे एक गोष्ट सांगतेच, कारण हल्ली लोक बिनधास्त करतात. कॉन्फिग फाइल कुठल्याही ऑनलाइन टूलमध्ये टाकून "यातून एवढ्या ओळी काढून दे" म्हणू नका. त्यात पासवर्ड असतात, एसएनएमपीच्या कम्युनिटी (डिव्हाइसवर नजर ठेवायला लागणारे परवलीचे शब्द) असतात, व्हीपीएनच्या चाव्या असतात. सिस्कोचा टाइप ७ पासवर्ड दिसायला गिचमिड दिसतो पण तो एका मिनिटात उलगडतो, ते काही खरं कुलूप नाही. आमच्या स्क्रिप्टमध्ये छापायच्या आधी अशा ओळींतली किंमत फुल्या मारून झाकली जाते, कारण शेवटी एक्सेल मेलवर फिरतंच, आणि मेल कुठे कुठे जातो याचा हिशोब कोणी ठेवत नाही.

दुपार झाली, यादी तयार, क्लायंटचे भाऊ (त्यांच्या नेटवर्कचे प्रमुख, सगळे त्यांना भाऊच म्हणतात) फोन करून विचारत होते की झालं का, संध्याकाळी मला गावाला निघायचंय. मी म्हटलं भाऊ, थोडं थांबा, एक तपासणी राहिलीय.

ती तपासणी मी कधीच सोडत नाही. जे सापडलं ते बरोबर आहे की नाही हे बघणं सोपं, समोर ओळ असते. पण ज्या फाइलींमध्ये काही सापडलं नाही त्या खरंच वाचल्या गेल्या का? ग्रेप गप्प बसला म्हणजे "इथे नाही" असं आपण धरतो, पण "मला वाचताच आलं नाही" तेव्हाही तो तसाच गप्प बसू शकतो. म्हणून प्रत्येक फाइलीत असायलाच पाहिजे अशी एक ओळ घ्यायची, आणि ती ज्यांच्यात नाही त्यांची नावं मागायची. होस्टनेम नाही असा डिव्हाइस नाही. ग्रेपला मायनस मोठा एल दिला की जुळणी नसलेल्या फाइलींची नावं येतात. यायला पाहिजे होतं शून्य.

आली एक. चोडणच्या शाखेचा राउटर.

फाइल उघडली तर सगळं व्यवस्थित दिसतंय. होस्टनेम आहे, इंटरफेस आहेत, आणि हेल्पर-अॅड्रेस १०.२०.१.५, दोन ठिकाणी! डोळ्यांना दिसतंय आणि ग्रेपला दिसत नाही. मुलगा माझ्याकडे बघायला लागला. मी म्हटलं फाइल कमांड चालव, फाइल कशा प्रकारची आहे ते ती सांगते. उत्तर आलं, यूटीएफ-१६. म्हणजे प्रत्येक इंग्रजी अक्षराला दोन बाइट, एक अक्षराचा आणि एक शून्याचा. एडिटर हुशार असतो, तो समजून घेऊन नीट दाखवतो, पण ग्रेप बाइट जुळवतो आणि त्याच्या दृष्टीने दर दोन अक्षरांच्या मध्ये एक शून्य बसलेलं, मग होस्टनेम हा शब्द सलग मिळणार कसा. विंडोजच्या जुन्या पॉवरशेलमध्ये बाणाचं चिन्ह वापरून आउटपुट फाइलीत वळवलं की फाइल अशीच तयार होते. भाऊंना विचारल्यावर कळलं, त्या राउटरच्या अॅक्सेस लिस्टमध्ये, म्हणजे कोणाला आत घ्यायचं त्या यादीत, बॅकअप सर्व्हरचा पत्ता नव्हता, रात्रीचा बॅकअप तिथे पोचतच नव्हता, म्हणून कोणीतरी लॅपटॉपवरून हाताने काढून तिथे ठेवली होती.

आयकॉन्व्ह कमांडने बदलून यूटीएफ-८, म्हणजे ग्रेपला वाचता येईल अशी, केली, स्क्रिप्ट परत चालवलं, दोन्ही ओळी आल्या. पण फाइलीवरची तारीख बघितली तर कित्येक महिने जुनी. म्हणजे ती त्या दिवसाची कॉन्फिग, आजची नाही. मी भाऊंना म्हटलं आत्ताच्या आत्ता राउटरमध्ये लॉगिन करून ताजी काढून पाठवा. आली, तर त्यात दोन नाही, तीन व्हीलॅनवर जुना हेल्पर. मधल्या काळात कॅमेऱ्यांसाठी एक व्हीलॅन वाढवला होता.

आता हे निसटलं असतं तर काय झालं असतं ते सांगते, कारण गंमत वाटण्यासारखं ते अजिबात नाही. डीएचसीपी बंद झाला की लगेच काही बिघडत नाही. कॉम्प्युटरला पत्ता ठराविक मुदतीने मिळालेला असतो, विंडोज सर्व्हरवर ठेवलेली मुदत न बदलल्यास आठ दिवस. अर्धी मुदत झाली की कॉम्प्युटर सर्व्हरला विचारतो, उत्तर नाही आलं तरी जुना पत्ता मुदत संपेपर्यंत चालवतो. म्हणजे सर्व्हर बंद केला त्या रात्री सगळं हिरवं दिसलं असतं, सगळे खूश होऊन घरी गेले असते, आणि चवथ आटोपून शाखा उघडेपर्यंत मुदती संपत आल्या असत्या, एकेक मशीन बंद पडत गेलं असतं, ते पण चोडणला, जिथे पणजीहून जायचं म्हणजे रायबंदरला फेरीबोट पकडायची. काउंटरवर लोक उभे आणि आत बसलेल्या मुलीला कळत नाही की कालपर्यंत चालत होतं त्याला आज काय झालं. आणि शोधणाऱ्यालाही आठवडाभरापूर्वी बंद केलेला सर्व्हर लगेच आठवला नसता.

एका इंटरफेसवर एकापेक्षा जास्त हेल्पर ठेवता येतात, राउटर सगळ्यांना विचारतो. म्हणून आम्ही जुना काढला नाही आधी, भाऊंनी तिन्ही व्हीलॅनवर नवा पत्ता वाढवला, सेव्ह केलं, शाखेतल्या एका मुलाला फोन करून त्याच्या मशीनवर पत्ता सोडून परत घ्यायला लावला, आणि नव्या सर्व्हरच्या यादीत तो दिसल्यावरच जुनी ओळ काढली. भाऊ म्हणाले, "बाये, ही फाइल कोणी उघडलीच नसती गो."

बाकीच्या शाखांचं काम यादीप्रमाणे रात्री झालं. फायरवॉलचे नियम त्याच रात्री पुसले नाहीत, नुसते डिसेबल करून ठेवले, सुट्टीनंतर बघून काढायचे ठरवले, ते मला पटलं.

त्या मुलाने नंतर स्क्रिप्टमध्ये आपणहून तीन गोष्टी घातल्या. फाइल कुठल्या एन्कोडिंगमध्ये (यूटीएफ-८ की यूटीएफ-१६) आहे ते आधी ओळखून मगच वाचायची. ओळीच्या शेवटी विंडोजचं कॅरेज रिटर्न, म्हणजे न दिसणारी एक जादा खूण, असेल तर ते काढायचं, नाहीतर "ओळीच्या शेवटी हाच पत्ता" अशी अट जुळत नाही. आणि यादीच्या सगळ्यात वर छापायचं, किती फाइली वाचल्या, कितींमध्ये होस्टनेम मिळालं, कुठल्या फाइली आठवड्याहून जुन्या आहेत. चोडणचा बॅकअप आता रोज येतो, अॅक्सेस लिस्टमध्ये तेवढी एक ओळ घालायची राहिली होती.