जांभ्याच्या छिद्रांतला शत्रू

सोमवार

गेला आठवडाभर कोंबड्या संध्याकाळी खुराड्यात शिरायला तयार नाहीत. एरवी दिवेलागणीला न हाकता आपोआप आत जाणारी कवडी कोंबडी आता पेरूच्या झाडावर चढून बसते आणि तिच्यामागून तलंगाही, म्हणजे तरुण कोंबड्याही, चढतात. खाली उतरवून आत कोंडलं तर दाराशीच घुटमळतात, दांडीवर चढत नाहीत. साप असेल म्हणून यांनी बॅटरी मारून कोपरान् कोपरा बघितला. काही सापडलं नाही. आई म्हणाल्या, "कोंबडी आपल्या घरात जात नाय म्हणजे तिला आत कायतरी चावतंय."

तांबडीचा तुरा फिका पडलाय. अंडी निम्म्यावर आलीत, ते पितृपक्षातल्या उकाड्यामुळे असेल असं वाटत होतं. पण आज सकाळी रवणावर (अंडी उबवायला) बसलेली काळी कोंबडी अंडी सोडून उठली आणि पुन्हा गेलीच नाही. पिल्लं निघायला थोडेच दिवस उरले होते. खुडूक कोंबडी भुकेली राहील, पावसात भिजेल, पण रवण सोडत नाही. तिला तिथून उठावंसं वाटलं म्हणजे त्रास किती असेल, हे मनातून जात नाहीये.

मंगळवार, रात्री उशिरा

सापडलं.

दिवसा खुराड्यात काहीच दिसत नव्हतं. म्हणून जेवणं आटोपल्यावर, कोंबड्या गपगार बसल्यावर, पांढरा कागद घेऊन आत गेले. बसायच्या बांबूच्या खालच्या बाजूने कागद दाबून फिरवला आणि बाहेर काढून पाहिला तर त्यावर रक्ताच्या रेघा. बॅटरी जवळ नेली. बांबूच्या पेराशी जी चीर गेलीय तिच्या तोंडाशी खसखशीएवढे किडे गच्च बसले होते, काही लालभडक, काही राखाडी. उजेड पडताच सगळे चिरेत पसार. चिरेच्या कडेला करडी-पांढरी भुकटी साचली होती, ती त्यांचीच घाण आणि कात. पाच मिनिटांत माझ्या मनगटावर खाज सुटली.

हा तांबडा माइट. शास्त्रीय नाव डर्मॅनिसस गॅलिनी, गोचिडाच्या नात्यातला. पोट रिकामं असेल तर राखाडी, रक्त प्यायला की लाल. उवा कोंबडीच्या अंगावरच राहतात, शेपटीखालची पिसं फिसकारली की दिसतात. हा मात्र कोंबडीवर राहत नाही. दिवसभर फटीत लपतो, अंधार पडला की चढतो, रक्त पितो आणि परत फटीत. अंडीही फटीतच घालतो. म्हणून दिवसा कोंबडी हातात घेऊन कितीही तपासली तरी ती स्वच्छच दिसते. उपचार कोंबडीवर नाही, तिच्या घरावर करायला हवा. ही एक गोष्ट कोंबड्या पाळणाऱ्या प्रत्येकीने लक्षात ठेवावी म्हणून इथे ठळक लिहून ठेवतेय.

आणि आमचं खुराडं जांभ्याच्या चिऱ्यांचं, म्हणजे सच्छिद्र दगडाचं! चिऱ्याला जितकी छिद्रं, तितकी याला राहायला घरं.

गुरुवार

वाडीतल्या एका काकांनी सांगितलं, भातावर मारतो ते औषध घे, एकदा सगळीकडे मारून टाक, एक किडा राहणार नाही. त्यांचा हेतू चांगला आहे, पण मी स्पष्ट नाही म्हटलं. डबा पाहिला तर फिप्रोनिल. हेच औषध २०१७ साली नेदरलँड्स आणि बेल्जियममध्ये याच माइटसाठी फार्मांत बेकायदा वापरलं गेलं, ते अंड्यांत उतरलं आणि लाखो अंडी नष्ट करावी लागली. आमची अंडी माझी मुलं खातात, शेजारची बाळंतीण खाते. शेतातलं विष खुराड्यात आणायचं नाही म्हणजे नाही.

पशुवैद्यकीय दवाखान्यात जाऊन आले. डॉक्टरांनी कोंबड्यांच्या पापण्या आणि तुरे बघून रक्त कमी झाल्याचं सांगितलं, त्यासाठी टॉनिक दिलं. खुराड्यासाठी फवारणीचं औषध लिहून दिलं, तेही कोंबड्या बाहेर काढून, भांडी उचलून, फवारल्यावर पूर्ण सुकू देऊन. आणि एकदा फवारून थांबू नका, हे दोनदा बजावलं. उबदार हवेत माइटचं अंडं दोन-तीन दिवसांत फुटतं आणि आठवड्या-दीड आठवड्यात नवी पिढी स्वतः अंडी घालायला लागते. औषधाने अंडी मरतीलच असं नाही, म्हणून आठवड्याने दुसरा हात मारायचाच.

मी विचारलं, खुराडं महिनाभर रिकामं ठेवलं तर उपाशी मरतील ना? तर म्हणे, रक्त न मिळता हे कित्येक महिने तग धरतात.

रविवार

कंबर मोडलीय, पण काम झालं. कोंबड्या पडवीत डालग्यांखाली डालल्या. खुराड्यातलं तूस, रवणाची टोपली आणि जुने बांबू परड्यात नेऊन जाळले. बांबू फोडला तेव्हा आतली पोकळी किड्यांनी भरलेली होती. एवढे दिवस त्यांनी बिचाऱ्या कोंबड्यांना रात्रभर शोषलं, हे डोळ्यांसमोर आलं आणि संताप झाला.

मग भिंती खराट्याने खरवडल्या आणि न्हाणीच्या चुलीवर हंडे चढवून उकळतं पाणी चिऱ्यांच्या छिद्रांत, कोपऱ्यांत, दाराच्या बिजागरीत ओतत गेलो. पाणी पडलं की छिद्रांतून लाल ओघळ येत होते. उन्हात वाळू दिलं, यांनी तोंडाला फडकं बांधून फवारलं, आणि ते सुकल्यावर दाट चुन्याचे हात दिले. चुन्याने किडे मरतात यापेक्षा छिद्रं बुजतात, हा मोठा फायदा. दाराजवळची मोठी भोकं सिमेंटने भरली.

नव्या दांड्या बांबूच्या नाहीत, रंधा मारलेल्या सागाच्या पट्ट्या आहेत. भिंतीला कुठेच टेकत नाहीत. दोन लाकडी घोडे (पायांचे आधार) करून त्यांवर ठेवल्यात आणि घोड्यांचे पाय जुन्या तेलाच्या करवंट्यांत. कोंबडीपर्यंत जायचं तर त्याला आता तेल ओलांडावं लागेल.

पुढचा रविवार

दुसरी फवारणी झाली. कागद फिरवला, एक बारीक रेघ आली. म्हणजे अजून आहेत. डॉक्टरांनी सांगितलंच होतं की पूर्ण नायनाट क्वचितच होतो, संख्या दाबून ठेवायची. खोक्याच्या नालीदार पुठ्ठ्याच्या पट्ट्या कापून दांड्यांखाली बांधल्यात. माइटना लपायला अशा नळ्या आवडतात, त्यात शिरले की पट्टी सोडून थेट चुलीत. हे काम धाकटीने मागून घेतलंय.

कोरडी राख आणि बारीक माती मिसळून अंगणात पत्र्याखाली खड्डा केलाय, कोंबड्या दुपारभर त्यात लोळतात. खुराड्यातही राख भुरभुरवते, पण आपल्या दमट हवेत ती ओल धरते आणि ओली राख कुचकामी, म्हणून तिच्यावर भिस्त नाही.

तलंगा कालपासून हाकलल्याशिवाय आत जातात. कवडी अजून पेरूवर. तिला घाई करणार नाही.

काळी पुन्हा खुडूक झालीय. तिची रवण या वेळी पडवीतच, नव्या टोपलीत, उन्हात वाळवलेल्या पेंढ्यावर. रोज रात्री टोपलीच्या बुडाला कागद लावून बघते. खुराड्याच्या कौलाखाली साळुंक्यांचं घरटं होतं, ते रिकामं होतं म्हणून काढलं. रानपाखरांच्या घरट्यांतूनही माइट येतात. ती फट जाळीने बंद करायचीय. बाजारातून नवी कोंबडी आणली तर पहिले काही दिवस वेगळी ठेवायची, आणि ज्या डालग्यातून ती येईल ते डालगं अंगणाच्या आत घ्यायचं नाही, हे घरात सगळ्यांना सांगून ठेवलंय.