कुऱ्हाडीच्या दांड्यावरचं लेदर, कडा जमल्या एकदाच्या

बाभळीच्या दांड्याला लेदर चढवायचं काम बरंच पुढं सरकलंय, शिवण बसली, आता फक्त मेण राहिलंय. ह्यावेळी सगळा जीव कडांवर घातला, कारण टाके कितीही सरळ असूदेत, कड भुसभुशीत दिसली की सगळी मजा जाते.

लेदर कोल्हापुरी चपलेचं असतं तसलंच, बाभळीच्या साली न हिरड्यात कमावलेलं, दोन एमएमच्या आत. कोल्हापुरीच्या २०१९ च्या जीआयमध्ये (भौगोलिक मानांकनात) आपला सोलापूर जिल्हा पण आहे बरं का. बॅगांचं मऊ क्रोम लेदर (क्रोमियमच्या क्षारात कमावलेलं) ह्या कामाला नको, त्याची कड घासून चकचकत नाही, एज पेंट म्हणजे कडेचा रंगच लागतो. कापल्यावर आत निळसर-राखाडी दिसलं की बहुतेक क्रोमच समजायचं.

आता मुद्दा. चारही कडांना एकच ट्रीटमेंट द्यायची नाही. उभ्या दोन कडा शिवणीत एकमेकींना भिडतात, त्या घासून गोल केल्या तर मधे घळ पडते, त्यामुळं त्या नुसत्या नवीन ब्लेडनं स्टीलची पट्टी धरून एका दमात कापायच्या आणि सोडून द्यायच्या. रुंदी दांड्याच्या घेरापेक्षा २-३ एमएम कमी, ओलं लेदर ताणतं आणि टाके आवळले की फट मिटते.

खरी मेहनत वरच्या-खालच्या कडेवर, आणि ती चढवायच्या आधीच, नंतर आतल्या बाजूला हात पोचत नाही. आतून शेवटचे ८-१० एमएम रापीनं (चांभाराच्या चामडं तासायच्या पात्यानं) तासून जाडी निम्मी केली, म्हणजे कड लाकडाला चिकटून बसते, हाताला पायरी लागत नाही. चप्पल शिवणारे काका म्हणाले, "रापी ढकलू नकोस रे, तिरकी सरकव", न खरंच त्यानं साल कांद्याच्या पापुद्र्यासारखी निघायला लागली. मग ४०० चा पॉलिश पेपर, मग ८००, मग गोंद कतीरा. हा रात्रभर भिजवला की जेलीसारखा फुगतो, बोटानं पातळ लावायचा न जीन्सच्या तुकड्यानं कड गरम होईस्तोवर घासायची. लाडवातला डिंक नका वापरू, तो वाळून कडक होतो न तडकतो. आपल्याकडं उन्हाळ्यात ओल लई पटकन उडते म्हणून चार बोटं लावायचं, तेवढंच घासायचं, मग पुढं. आणि हो, सोलापुरात राहून चादरीचा तुकडा का नाही असं कुणीतरी विचारणारच, तर तिची वीण उठावदार असते, ओल्या कडेवर छाप उमटते.

मेण मात्र शेवटीच. शिवताना लेदर परत ओलं करावं लागतं, त्यात कड थोडी फुलतेच, ती वाळल्यावर परत एकदा घासली की बसते, पण आधीच मेण लावलं असेल तर ना पाणी नीट मुरतं ना गोंद धरतो.

आता पूर्ण वाळू दे, मग मेण. पुढचा नंबर कोयत्याचा, त्याची मूठ निमुळती आहे, सरळ पट्टी चालणार नाही, कागदाचा फर्मा काढावा लागेल. कुणी काढला असेल तर फोटो टाका की.