पेंटॅक्स के१०००मधला लाइट लीक शोधताना: माझा अनुभव

काकांचा पेंटॅक्स के१००० हा फिल्म कॅमेरा माझ्याकडे आला तेव्हा बाहेरून उत्तम स्थितीत होता. लेन्सला बुरशी नव्हती, शटरचे वेग कानाला ठीक वाटत होते आणि नवा सेल घातल्यावर प्रकाश मोजणाऱ्या लाइटमीटरची सुईही हलली. १९७६ मध्ये बाजारात आलेले आणि १९९७ पर्यंत बनत राहिलेले हे मॉडेल जवळजवळ पूर्णपणे यांत्रिक आहे. त्यामुळे चिपळूणच्या दमट हवेत वर्षानुवर्षे कपाटात पडून राहूनही ते चालते याचे मला फारसे नवल वाटले नाही. मात्र वाईजवळ मेणवलीच्या घाटावर काढलेला पहिला रंगीत रोल धुऊन आला, तेव्हा बहुतेक फोटोंच्या डाव्या कडेला नारिंगी-लाल पट्टा आणि काहींच्या तळाशी फिकट रेघ होती. लाइट लीकमुळे, म्हणजे कॅमेऱ्यात नको तिथून प्रकाश शिरल्याने पडणारे असे डाग काही जण हौसेने जपतात. मला मात्र नाना फडणवीसांच्या वाड्याजवळच्या त्या काळ्या पायऱ्या जशा आहेत तशाच हव्या होत्या.

अशा वेळी स्क्रू-ड्रायव्हर हातात घेण्याआधी निगेटिव्ह, म्हणजे धुतलेली फिल्म, हातात घ्यावी, असे माझे ठाम मत आहे. लॅबकडून येणाऱ्या स्कॅनमध्ये ३६ × २४ मिलिमीटरची चौकटच तेवढी दिसते आणि नेमका पुरावा त्या चौकटीबाहेर, फिल्मच्या कडेच्या छिद्रांच्या पट्टीत असतो. म्हणून निगेटिव्ह आग्रहाने मागून घ्यावी. प्रकाश शटरच्या पडद्यातून किंवा लेन्सच्या बाजूने शिरत असेल, तर त्याला फिल्मपर्यंत पोहोचायला चौकटीतूनच यावे लागते, त्यामुळे डाग चौकटीत राहतो आणि कडा स्वच्छ असतात. निगेटिव्हवर प्रकाश काळा उमटतो, आणि माझ्या निगेटिव्हवर काळसर डाग चौकट ओलांडून थेट छिद्रांपर्यंत गेलेला होता. म्हणजे लेन्स, आरसा आणि कापडी शटर यांच्यावर संशय घेण्याचे कारण उरले नाही. दोष फिल्म भरायच्या मागच्या दाराकडे होता.

दाराच्या कोणत्या बाजूला, हेही निगेटिव्हच सांगते. फक्त फिल्मवर प्रतिमा उलटी पडते, वरचे खाली आणि डावीकडचे उजवीकडे, हे सतत ध्यानात ठेवावे लागते. फोटोच्या डाव्या कडेचा पट्टा म्हणजे कॅमेरा मागून पाहिल्यास उजवी बाजू, आणि याच बाजूला दाराची बिजागरी असते. माझा पट्टा दोन फ्रेममधल्या मोकळ्या जागेवरून पसरून आधीच्या फोटोच्या उजव्या कडेवरही थोडा आला होता. ते सरळच आहे, कारण आधीची फ्रेम पुढे सरकून बिजागरीशेजारीच थांबलेली असते. फोटोच्या तळाची रेघ त्याच न्यायाने दाराची वरची कड जिच्यात बसते त्या खाचेकडे बोट दाखवत होती. रंगानेही दुजोरा दिला: रंगीत निगेटिव्ह फिल्ममध्ये लाल प्रकाश टिपणारा थर सर्वांत तळाशी असतो, त्यामुळे पाठीमागून शिरलेला प्रकाश आधी त्याला गाठतो आणि फोटोत लाल-नारिंगी डाग उमटतो.

तरीही खात्री करून घेण्यासाठी मी एक कृष्णधवल रोल खर्ची घातला. दाराच्या चारही सांध्यांवर काळी इन्सुलेशन टेप लावली. मग एकेका सांध्याची टेप काढून, ‘बिजागरी उघडी’, ‘वरची खाच उघडी’ अशी चिठ्ठी लिहून तिचा फोटो घेतला, लेन्सला झाकण लावले आणि फिल्म पुढे न सरकवता कॅमेरा दुपारच्या उन्हात सगळ्या बाजूंनी फिरवत काही मिनिटे धरला. त्यानंतर तो सांधा पुन्हा बंद करून, दोन फ्रेम कोऱ्या सोडून पुढचा सांधा घेतला. अंधाऱ्या खोलीत कॅमेऱ्यात टॉर्च ठेवून पाहण्याची पद्धत घडीच्या कॅमेऱ्याच्या भात्यातली भोके शोधायला चांगली आहे, पण इथे दाराची कड वळणावळणाच्या खाचेत बसते आणि तिथली गळती डोळ्यांना सहज दिसत नाही. रोल धुतल्यावर बिजागरीची चिठ्ठी एका बाजूने पार काळवंडलेली निघाली, वरच्या खाचेच्या फ्रेमवर बारीक रेघ होती, आणि खालची खाच व कडीची बाजू निर्दोष ठरली.

दार उघडून नखाने दाबले तर बिजागरीकडचा, प्रकाश अडवण्यासाठी लावलेला स्पंज डांबरासारखा बोटाला चिकटला. हा पॉलियुरेथेनचा स्पंज हवेतल्या ओलाव्याने कालांतराने विघटित होतो, आणि कोकणात ओलाव्याची काय कमी! शटरच्या पडद्यावर कागद आडवा लावून, बांबूच्या काडीने आणि आयसोप्रोपिल अल्कोहोलमध्ये भिजवलेल्या कापसाने मी तो खरवडून काढला. ॲसिटोन जवळही आणू नये, कारण ते रंग आणि प्लॅस्टिक दोन्ही खाते. हे काम किचकट आहे आणि घाई केल्यास काळे कण शटरमध्ये जातात, म्हणून कॅमेरा उलटा, दार खाली ठेवून काम केले. अल्कोहोल पुण्यात पासोड्या विठोबाजवळच्या इलेक्ट्रॉनिक्सच्या दुकानात मिळाले.

खाचांसाठी मी तुळशीबागेतून आणलेली घट्ट पिळाची काळी लोकर वापरली. ती काडीने खाचेत दाबून फक्त टोकांना किंचित गोंद लावला. खालची खाच गळत नव्हती, पण तिथला स्पंजही त्याच वयाचा, म्हणून तोही बदलला. बिजागरीकडे मात्र लोकर पुरत नाही, तिथे दीड मिलिमीटर जाडीचा, चिकट पाठीचा काळा स्पंज कापून बसवला. चिकट बाजू पाण्याने किंचित ओली केली की पट्टी लगेच पकडत नाही आणि नीट सरळ करता येते. जाडी बेताची हवी, कारण दार बंद करताना जोर लावावा लागला तर कडीवर अकारण ताण येतो.

चिठ्ठ्यांची चाचणी मी पुन्हा त्याच क्रमाने घेतली. या वेळी चारही चिठ्ठ्यांच्या फ्रेमभोवतीची निगेटिव्ह छिद्रांपर्यंत स्वच्छ, पारदर्शक होती.