तुम्ही विचारलंत म्हणून: एका कपावर एवढा मोठा पूल?

मेलबर्नच्या विमानतळावरून आमच्या पश्चिमेच्या उपनगरांकडे येताना रिंग रोडवर मरिबर्नाँग नदीवरचा उंच पूल लागतो. नाव ई. जे. व्हिटन ब्रिज. भारतातून आलेला पाहुणा हटकून विचारतो, "हे कोण? गव्हर्नर वगैरे होते का?" मी सांगतो, फुटीचे खेळाडू आणि कोच. की लगेच, "किती कप जिंकले?" खेळाडू म्हणून एक. कोच म्हणून? शून्य. "मग एवढा मोठा पूल कशाला?"

आता नीट सांगतो.

फुटी म्हणजे इथला ऑस्ट्रेलियन फुटबॉल. लांबट चेंडू, एका बाजूला अठरा जण, आणि हिवाळ्यात क्रिकेटच्या मैदानांवर होणारी धुमश्चक्री. व्हिटन ज्या फुटस्क्रे क्लबचे, तो भाग कामगारांचा. कत्तलखाने, दारूगोळ्याचा कारखाना, शेजारी यारव्हिलला साखरेची रिफायनरी. आपल्या लालबाग-परळमध्ये गिरण्या आणि कबड्डीचे संघ जसे एकाच चाळीत नांदायचे, तसाच हा मामला. नदीपलीकडचे श्रीमंत क्लब यांना मोजायचेही नाहीत.

ई. जे., म्हणजेच टेड व्हिटन, 1951 मध्ये, सतराव्या वर्षी, पहिला सामना खेळले. पहिल्याच किकवर गोल मारला आणि त्याच सामन्यात रिचमंड क्लबच्या एका दांडगट गड्याने त्यांना आडवं केलं. 1954 मध्ये फुटस्क्रेने मेलबर्न क्लबला 51 गुणांनी हरवून पहिलं अजिंक्यपद मिळवलं. तोच तो एक कप. तेव्हा कर्णधार आणि कोच चार्ली सटन होते.

खरी गंमत पुढे आहे. 1957 मध्ये हंगाम चालू असतानाच क्लबने सटनना कोचपदावरून काढलं आणि तेविशीतल्या व्हिटनना कर्णधार-कोच केलं. म्हणजे स्वतः खेळायचं, शिवाय वयाने मोठ्या खेळाडूंना संघात घ्यायचं की वगळायचं तेही ठरवायचं. 1961 मध्ये संघ अंतिम सामन्यात पोचला आणि हॉथॉर्नकडून 43 गुणांनी हरला. पुढची वर्षं रखडतच गेली. 1967 मध्ये क्लबने पुन्हा सटनना कोच म्हणून आणलं. दुसरा कुणी असता तर रुसून दुसऱ्या क्लबात गेला असता. व्हिटन मात्र त्याच सटनच्या हाताखाली खेळत राहिले आणि 1969 मध्ये पुन्हा कोच झाले. पाहुण्यांना एकच गोष्ट सांगायची झाली तर मी ही सांगतो. इथल्या लोकांनी त्यांना डोक्यावर घेतलं त्यात खेळातल्या कौशल्याचा वाटा मोठा होताच, पण अपमान गिळून ते आपल्याच गल्लीत राहिले, हे लोक विसरले नाहीत.

बाकी माणूस साधासुधा मुळीच नव्हता. बोलणं तिखट, बढाया अघळपघळ. 2 मे 1970 चा 321वा सामना हा त्यांचा शेवटचा. तोवर सर्वाधिक सामन्यांचा विक्रम डिक रेनल्ड्स यांच्या नावावर होता, 320 सामन्यांचा. एका सामन्यासाठी छत्तिशीत ओढाताण केली असं कुणी म्हटलं, तर मी वाद घालणार नाही. संघ निवडणारे कोचही तेच होते! पण त्या दिवशी खेळाडूंना घोळक्यात घेऊन त्यांनी केलेलं भाषण चित्रफितीत आहे. अंगात जर्सी, आवाज फाटलेला, हातवारे करून संघाला अक्षरशः चेतवतायत. फुटस्क्रेने हॉथॉर्नला तीन गुणांनी हरवलं.

पुढे व्हिक्टोरिया राज्याच्या संघाची निवड त्यांच्याकडे आली. दुसऱ्या राज्याची जिरवली की लहान मुलासारखे नाचायचे. मग प्रोस्टेटचा कर्करोग झाला. जून 1995 मध्ये मेलबर्न क्रिकेट ग्राउंडवर राज्याच्या सामन्याआधी उघड्या गाडीतून, मुलाच्या आधाराने, त्यांनी मैदानाला फेरी मारली. दृष्टी जवळजवळ गेली होती, त्यामुळे उभं राहून टाळ्या वाजवणारे हजारो लोक त्यांना फक्त ऐकू येत होते. दोन महिन्यांत, 17 ऑगस्टला, ते गेले. वय 62. सरकारी इतमामात अंत्यविधी झाला, क्लबच्या मैदानाचं, वेस्टर्न ओव्हलचं, व्हिटन ओव्हल झालं आणि पुढच्याच वर्षी शतकातल्या सर्वोत्तम संघाचे कर्णधार म्हणून त्यांची निवड झाली. क्लबला दुसरं अजिंक्यपद मिळायला मात्र 2016 उजाडावं लागलं.

मुलाने त्यांच्या नावाने प्रतिष्ठान काढलं. पुरुषांनी प्रोस्टेटची तपासणी वेळेवर करून घ्यावी, हा त्याचा प्रचार. आमच्या मराठी मंडळात हा विषय निघाला की पन्नाशी उलटलेले सगळे गृहस्थ एकदम चहा आणायला उठतात. तेव्हा पाहुणा तशा वयाचा असेल, तर पूल ओलांडेपर्यंत मी त्याला तपासणीचंही विचारून घेतो. चालत्या गाडीतून उठून जाणार कुठे?